पुसदच्या नगराध्यक्षाची गोष्ट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात १ जुलै रोजी केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलण्याचा बाज जमेल तितका तसाच ठेवला आहे.)

खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभी असलेली आपली तरुण मंडळी,

मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळेचा हिशेब सांगावा लागत नाही, तेव्हा काळजी करू नका, जेवण थंड होणार नाही.

सचिवांनी मला विषय दिला होता, 'आपल्या संस्थेची पंचवीस वर्षे'. पण त्यावर तीन जण बोलून गेले. प्लॉट कसे पडले, पहिली बोअर कशी कोरडी गेली, मोकळ्या जागेवर कडुनिंब कोणी लावले, हे सगळं आलं. मी तेच पुन्हा वाचलं तर वहिनीसाहेब उठून स्वयंपाकघरात जातील. म्हणून मी विषय बदलला. आज १ जुलै. महाराष्ट्र शासन हा दिवस कृषी दिन म्हणून पाळतं, कारण हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. ते आपल्या वऱ्हाडातल्या यवतमाळ जिल्ह्याचे. शाळेत त्यांचा फोटो लागतो, हार घातला जातो, हरित क्रांतीवर दोन भाषणं होतात. मला मात्र त्यांच्या आयुष्यातल्या दुसऱ्याच एका खुर्चीबद्दल बोलायचं आहे. ती मुख्यमंत्र्याची खुर्ची नव्हे. ती पुसद नगरपालिकेच्या अध्यक्षाची खुर्ची.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १९१३ सालचा, पुसद तालुक्यातल्या गहुली गावचा. बंजारा समाज, तांड्यावरचं घर. त्या काळी तांड्यावरच्या पोराने शाळा गाठणं हीच मोठी गोष्ट होती. हे तर नागपूरला जाऊन बी.ए. झाले, एलएल.बी. झाले. मग वकिली कुठे सुरू केली? आपल्या अमरावतीत, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली. त्यानंतर पुसदला गेले. १९४१ मध्ये त्यांनी वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगा बंजारा, मुलगी ब्राह्मण. दोन्ही समाजांत किती गहजब झाला असेल, त्याची कल्पना जुन्या माणसांना करता येईल. पंजाबरावांनीही १९२७ मध्ये आंतरजातीय लग्न केलं होतं. गुरू तसा चेला, एवढंच म्हणतो.

१९४६ मध्ये हा तेहतीस वर्षांचा वकील पुसद नगरपालिकेचा अध्यक्ष झाला आणि १९५२ पर्यंत राहिला. आता मंडळी, लहान गावच्या नगराध्यक्षाचं काम काय असतं, हे मोर्शीकरांना सांगायला नको. पाणी आलं नाही, नाली तुंबली, दिवा बंद आहे, शेजाऱ्याने ओटा रस्त्यावर काढला, घरपट्टी जास्त लागली. तक्रार करणारा माणूस रोज सकाळी दारात उभा असतो आणि तो ओळखीचा असतो. मंत्र्याला फाईल दिसते, नगराध्यक्षाला तोंड दिसतं. शिवाय पैसा मोजका असतो. ज्याच्याकडून कर घ्यायचा, त्याच्याच घरासमोरचा रस्ता करायचा असतो, आणि रस्ता नाही झाला तर तो पुढच्या वर्षी कर देत नाही. याच्याइतकं चांगलं अर्थशास्त्र कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून आमदार झाले. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. पंडित रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, तिथे ते सहकारमंत्री आणि मग कृषिमंत्री झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हा महसूलमंत्री. नगरपालिकेतून आमदार, आमदारातून मंत्री. इथपर्यंतची गोष्ट शेकडो पुढाऱ्यांची आहे. पायरी चढलो की खालची पायरी विसरायची, ही आपल्याकडची रीत. नाईकांची गोष्ट मला सांगाविशी वाटते ती यापुढची.

जून १९६० मध्ये मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी लोकशाही विकेंद्रीकरणासाठी एक समिती नेमली आणि अध्यक्ष केलं वसंतराव नाईकांना. नाव बोजड आहे, प्रश्न सोपा होता. जिल्ह्यातले निर्णय कोणी घ्यायचे? मुंबईने, कलेक्टरने, की जिल्ह्यातल्या माणसांनी?

त्या वेळी नव्या महाराष्ट्रात तीन तऱ्हांचा कारभार होता. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्ड. मराठवाड्यात निजामी राजवटीतून आलेली व्यवस्था. आणि आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने आलेली जनपद सभा, साधारण तहसिलीच्या पातळीवरची. माझ्या वयाच्या लोकांनी वडिलांच्या तोंडून 'जनपद' हा शब्द ऐकला असेल, 'जनपदच्या शाळेत शिकलो' म्हणायचे. दिल्लीहून बलवंतराय मेहता समितीचा १९५७ चा अहवाल आलेला होता. त्यांचं म्हणणं, खरी सत्ता गट पातळीवर, म्हणजे पंचायत समितीकडे द्या. राजस्थानने १९५९ मध्ये पंचायत राज सुरू केलं ते त्याच वाटेने.

नाईक समितीने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला आणि वेगळी वाट धरली. त्यांनी जिल्हा हा मुख्य घटक मानला. कारण व्यवहाराचं होतं. तालुका लहान पडतो. त्याला चांगला इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षणाधिकारी पोसता येत नाही, आणि मग अधिकार कागदावर राहतो. जिल्हा एवढा मोठा की त्याला स्वतःची यंत्रणा ठेवता येईल, आणि एवढा जवळ की माणूस एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परत येईल. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रं, शेती, पशुसंवर्धन, रस्ते, लहान सिंचन ही कामं जिल्हा परिषदेकडे द्यायची. कारभार पाहायला कलेक्टरच्या तोलाचा मुख्य कार्यकारी अधिकारी, पण खुद्द कलेक्टर बाहेर. कलेक्टर जर सभेत बसला तर सभासद त्याच्या तोंडाकडे पाहत बसतील, हे नगरपालिका चालवलेल्या माणसाला कोणी सांगावं लागलं नसेल.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समितीचा अध्यक्ष आमदार, मंत्री. यशवंतरावांचं अख्खं सरकार आमदारांच्या बळावर उभं. तरीही या व्यवस्थेत आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेवर पदसिद्ध जागा ठेवली नाही. बाकी कितीतरी राज्यांत ती ठेवली होती. महाराष्ट्राने म्हटलं, आमदाराने विधानसभेत कायदे करावेत. जिल्हा परिषदेत नवी माणसं येऊ द्या, त्यांना काम करू द्या, चुकू द्या, शिकू द्या. स्वतःच्या वर्गाचा अधिकार स्वतःच्या सहीने कमी करणं, मंडळी, हे सार्वजनिक जीवनात फार कमी वेळा घडतं.

मी बँकेतला माणूस, माझ्या भाषेत सांगतो. बँकेत शाखाधिकाऱ्याला मंजुरीची मर्यादा असते. अमुक रकमेपर्यंतचं कर्ज त्याने आपल्या सहीने द्यायचं, त्यावरचं वर पाठवायचं. ही मर्यादा फार खाली ठेवली तर काय होतं, ते मी खेड्यातल्या शाखेत बसून पाहिलं आहे. शेतकरी जूनमध्ये बियाण्यासाठी येतो. कागद वर जातो, शंका खाली येते, उत्तर वर जातं. मंजुरी येते तेव्हा पोळा जवळ आलेला असतो आणि त्या माणसाने सावकाराकडून पैसे उचलून पेरणी आटोपलेली असते. वर बसलेला साहेब वाईट नसतो. तो फक्त लांब असतो. जिल्हा परिषदेचा कायदा म्हणजे खालच्या शाखेची मंजुरीची मर्यादा वाढवण्याचा कायदा, असं मी समजतो.

तो कायदा १९६१ चा आणि जिल्हा परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ ला. आता एक गंमत पाहा. आपली संस्था ज्या कायद्याखाली नोंदली आहे, तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९६२ ला. दोघांमध्ये तीन महिन्यांचं अंतर. एकाच सरकारची, एकाच विचाराची ही दोन भावंडं म्हणा ना. विचार असा की ज्यांचं काम आहे त्यांनीच ते निवडून दिलेल्या माणसांकडून करून घ्यावं आणि हिशेब सभेत मांडावा.

त्या शाळेतून विद्यार्थी कसे निघाले, तेही सांगतो. सुधाकरराव नाईक यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष होते, १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. आर. आर. पाटील १९७९ ते १९९० जिल्हा परिषद सदस्य होते, नंतर आमदार, ग्रामविकास मंत्री झाले आणि आपल्या जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाने त्यांनी ग्रामस्वच्छता अभियान आणलं. ते अभियान मंत्रालयात बसून सुचलेलं वाटत नाही, गावच्या रस्त्याने नाकाला रुमाल लावून चाललेल्या माणसाला सुचलेलं वाटतं. नगरपालिकांच्या बाजूने पाहिलं तर शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष होते, देवेंद्र फडणवीस नागपूरचे महापौर होते. पक्ष वेगवेगळे, शिडी तीच. आपल्या मतदारसंघातल्या अलीकडच्या आमदारांची नावं मी घेणार नाही. हा रौप्यमहोत्सव आहे, प्रचारसभा नाही.

नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांचं निधन झालं आणि ५ डिसेंबर १९६३ ला नाईक मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. अकरा वर्षांहून अधिक. महाराष्ट्रात इतका सलग काळ दुसऱ्या कोणी काढलेला नाही. तोंडात पाइप, बोलणं हळू, राग क्वचित. या काळात संकरित ज्वारी आली, कृषी विद्यापीठं झाली. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामं निघाली, एका वेळी पन्नास लाखांच्या आसपास माणसं त्या कामांवर होती. रोजगार हमी योजना तेव्हाचीच, तिची कल्पना वि. स. पागे यांची, पण सरकार नाईकांचं. रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली त्यांना तो काळ समजावून सांगावा लागत नाही. त्याच सुमारास कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तिचे गुणदोष वेगळे, पण आमच्या बँकेच्या कर्जाची वसुली कितीतरी वर्षं त्या कापसाच्या चुकाऱ्यावर अवलंबून होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

नुसती स्तुती केली तर तुम्ही म्हणाल, साहेब जयंतीचं भाषण करून राहिले. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. विदर्भाचा माणूस अकरा वर्षं मुख्यमंत्री असून विदर्भाच्या सिंचनाचा अनुशेष राहिलाच. दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो आकड्यांत मांडला. आपल्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं काम पुरं व्हायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. कृषी विद्यापीठ अकोल्याला व्हावं म्हणून १९६७ मध्ये आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली, आणि विद्यापीठ १९६९ मध्ये आलं. मुंबईत त्यांच्या काळात वाढलेल्या शिवसेनेला लोक गमतीने 'वसंतसेना' म्हणायचे, त्यातही काही अर्थ होता. म्हणजे माणूस देव नव्हता. पण जिल्ह्याला स्वतःचं घर बांधून देणारा होता, आणि ते घर आज साठ वर्षांनंतरही उभं आहे.

उभं आहे, पण त्यात राहतं कोण? १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना आणि नगरपालिकांना घटनेचं संरक्षण मिळालं, दर पाच वर्षांनी निवडणूक सक्तीची झाली. बायकांना आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा मिळाल्या. इथवर चांगलं. पण १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, त्याबरोबर स्वतःच्या कमाईचा मोठा भाग गेला आणि वरून येणाऱ्या अनुदानाची वाट पाहणं नशिबी आलं. ज्याच्या खिशात स्वतःचा पैसा नाही, त्याची मान ताठ कशी राहील? पुढे २०२२ मध्ये मुदती संपल्या आणि राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा, नगरपालिका प्रशासकांच्या हाती गेल्या. निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. आणि खरं सांगू? आपल्याला त्याचं फार काही वाटलं नाही. नाली तुंबली तर आपण आमदारांना फोन लावतो. रस्त्याच्या भूमिपूजनाला आमदार, बोअरच्या उद्घाटनाला आमदार, व्यायामशाळेच्या डंबेल्सनाही आमदार. ज्या आमदाराला नाईकांनी विचारपूर्वक नालीपासून दूर ठेवलं होतं, त्याला आपणच हाताला धरून नालीवर आणून उभं केलं. मग विधानसभेत कायद्यावर कोणी बोलायचं?

आता मी आपल्या अंगणात येतो, कारण दुसऱ्याच्या घराचा ताळेबंद वाचणं सोपं असतं.

आपल्या संस्थेची कार्यकारिणी गेल्या तीन वेळा बिनविरोध निवडून आली. अहवालात आपण ते अभिमानाने छापलं आहे. पण बिनविरोध दोन तऱ्हांचं असतं. एक, सगळ्यांचं एकमत झालं म्हणून. दुसरं, अर्ज भरायलाच कोणी आलं नाही म्हणून. आपलं कोणतं, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही, अर्धा तास थांबून त्याच जागी तहकूब सभा घ्यावी लागते. चाळिशीच्या आतल्या मंडळींना विचारलं तर उत्तर येतं, "काका, आपल्याले काय करा लागते? तुम्ही हाच ना!" बाबांनो, आम्ही आहोत, पण किती दिवस? ज्यांनी ही संस्था नोंदवली त्यांतले चौघे आज फोटोत आहेत.

आणि दोष एकट्या तरुणांचा नाही. मोटारीचा वॉशर बदलायचा तरी सचिवांची सही लागते. बल्ब आणायचा तरी कार्यकारिणीचा ठराव. सगळ्या सह्या तीन माणसांकडे ठेवल्या तर चौथ्याला काम शिकायला मिळणार कसं? तरुण मंडळी येत नाहीत, त्याचं एक कारण हेही आहे की आल्यावर त्यांच्या हाती काही नसतं. नुसती सतरंजी उचलायला कोण येईल?

म्हणून मी आज व्यासपीठावरून एक सूचना मांडतो, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत ती रीतसर ठरावाने मांडणार आहे. आपल्या वसाहतीत चार ओळी आहेत. प्रत्येक ओळीने एक प्रतिनिधी निवडावा, शक्यतो चाळिशीच्या आतला, आणि चारांपैकी किमान दोन महिला असाव्यात. कार्यकारिणीचे सदस्य त्या जागेवर नकोत, आमच्यासारखे जुने पदाधिकारी तर मुळीच नकोत. प्रत्येक ओळीला वर्षाची एक ठरावीक रक्कम द्यावी. दिवे, नाली, झाडं, गेट, लहानसहान दुरुस्ती हे सगळं त्या रकमेतून ओळीने आपल्या निर्णयाने करावं. पावती ठेवावी, तीन महिन्यांनी हिशेब फलकावर लावावा, लेखापरीक्षकाला दाखवावा. वरून कोणी 'असंच का केलं' म्हणून रोज विचारायचं नाही. थोडी उधळपट्टी होईल, एखादा दिवा चुकीच्या खांबावर लागेल. लागू द्या. आपण बसवलेले सगळे दिवे बरोबर खांबावर आहेत का?

खजिनदार माझ्याकडे पाहून राहिले, त्यांची शंका मला कळते. पैसा चार हातांत गेला की हिशेब बिघडतो, हीच ना? माझा अनुभव उलटा आहे. ज्या शाखेला स्वतःचा अधिकार असतो, त्या शाखेतली वसुली चांगली असते, कारण कर्ज कोणाला दिलं हे तिथल्या माणसाला माहीत असतं आणि ते वसूल करायची लाजही त्यालाच असते. वर्गणीची थकबाकी आज ज्या घरांत आहे, त्या घरासमोरचा दिवा त्यांच्याच ओळीतल्या पोरीने लावला, तर ती थकबाकी मागायला तिला सचिवांच्या नोटिशीपेक्षा जास्त जोर येईल.

यातून कोणी आमदार होईल का? मला माहीत नाही, आणि तो हेतूही नाही. पण उद्या यांच्यापैकी एखादी मुलगी मोर्शी नगर परिषदेत निवडून गेली, तर बजेट वाचताना तिला ते परकं वाटणार नाही. सभेत विरोध कसा ऐकायचा, पैसे कमी असताना आधी कोणतं काम धरायचं, शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं आणि संध्याकाळी त्याच्याच घरी चहा कसा प्यायचा, हे तिने आपल्या ओळीतच शिकलेलं असेल. पुसदच्या त्या तेहतीस वर्षांच्या वकिलाने तरी दुसरं काय शिकलं होतं?

वसंतराव नाईक १९७५ मध्ये पायउतार झाले, १९७७ मध्ये वाशीममधून लोकसभेवर गेले, आणि १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाच्या संस्था आहेत, पुतळे आहेत. आपल्या संस्थेला पुतळा परवडणार नाही आणि मोकळ्या जागेत तो उभा करायला कडुनिंब तोडावा लागेल. त्यापेक्षा हा ठराव स्वस्त आहे.

सभेची नोटीस येईल. या वेळी गणपूर्ती पहिल्याच वेळेला होऊ द्या, एवढीच विनंती. आणि मागे भिंतीला टेकलेल्यांनो, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत.

जय हिंद, जय महाराष्ट्र.